पाच सूत

कंपूच्या त्या केंद्रात आधी पिना मोजून घेतल्या.
पदराची एक, निऱ्यांची एक,
आणि गळ्याशी सवयीनं टोचलेल्या चार टाचण्या,
ज्या तेहतीस वर्षांत मलाच दिसेनाशा झालेल्या.
भदौरिया नावाच्या मुलानं स्टीलच्या वाटीत ठेवल्या.
"काकी, अंदर एक सुई भी गई तो उड़ेगी."
माझी सुई, आणि उडेल!
मला हसू आलं.

मग नाड्यांचा निळा झगा.
ज्यानं बेतला त्यानं खांदा कधी पाहिला नसावा.
मुंढा खाली, शिवण तिरकी.
दौलतगंजात माझ्या दुकानातून असं काही बाहेर पडलं असतं
तर मी पाटी उतरवली असती.

पालथं झोपायचं.
फळीला दोन भोकं. त्यांतून लोंबू द्यायचं
जे वर धरून ठेवायला मी जन्मभर कापडाला शिकवलं.
टक्स नाहीत, कटोरी नाही,
बत्तीस असो की चव्वेचाळीस, एकच माप.
कपाळ गादीवर, हात डोक्यापुढं,
पलंगाखाली गेलेलं काही कोणी शोधत असावं तशी मी.

मशीन सुरू झालं.
आधी ओव्हरलॉक.
मग पिको, मग काजं करणारं ते जुनं,
ज्याचा पट्टा सैल होता.
मधेच गप्प, बॉबिन संपल्यासारखं.
हलायचं नव्हतं, म्हणून मनातच शिवत राहिले,
बाही, योक, हुकपट्टी,
श्वास टाक्याएवढा.
दंडातून थंड काहीतरी चढत गेलं.

त्यात घुलेवहिनी आठवल्या.
अठ्ठ्याण्णव साल, मुलीचं लग्न, डाळिंबी चंदेरी.
माप घेताना टेप डावीकडं सपाट गेली.
मी पुन्हा लावली. पुन्हा सपाट.
त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या,
"इकडं थोडा कापूस भरशील?"
भरला. धुतल्यावर गोळा होऊ नये म्हणून
आडवे-उभे टाके घातले.
वहीत त्या जागी आकडा नाही, नुसतं टिंब.
अशी टिंबं तीन आहेत.
तिघींना मी काहीच विचारलं नाही.
तेव्हा तीच माया वाटायची.

माझं मला बोटानं कळलं होतं, आंघोळ करताना.
उजवीकडं. अस्तराखाली दोऱ्याची गाठ राहून जावी
तसं.

दोन दिवसांनी डॉक्टर अग्निहोत्री पडद्यावर
मला पदर पदर उलगडून दाखवतात.
"उजवीकडची सोळा मिलिमीटर."
पाच सूत, मी म्हणते. त्यांना कळत नाही.
"कड बघा, सरळ नाही."
दिसतंय. दशा निघाल्यात.
"आणि आपण दिलेलं औषध ती चटकन पिते, चटकन सोडते."
कच्चा रंग, मी म्हणते.
हे मात्र त्यांना कळतं. त्या क्षणभर थांबतात.

मग डावीकडं जातात.
जिथं माझ्या बोटाला काही लागलं नव्हतं,
सोनोग्राफीला नाही,
मॅमोग्राफीच्या त्या चिमट्यालाही नाही,
तिथं पांढरं काहीतरी. दोन सूतही नसेल.
टिंब.

"उजवी पाचव्या वर्गात घालतेय, डावी चौथ्या.
चार म्हणजे संशय. पाच म्हणजे जवळजवळ खात्री.
पण खरं काय ते तुकडा काढल्यावरच.
सुईची भीती वाटते?"
मी डावी तर्जनी त्यांच्यापुढं धरते.
ते नख दोनदा सुईखाली गेलंय.

शुक्रवार, सकाळी दहा.
गुरुवारपर्यंत सोळा ब्लाउज द्यायचेत, लग्नसराई आहे,
आणि एकीचं माप अजून घ्यायचंय.
ती येते, हात पसरून उभी राहते, चोवीस-पंचविशीची.
टेप लावण्याआधी मी विचारते,
"स्वतःला कधी नीट बघतेस का गं?"
"आरशात ना? रोज!" ती म्हणते.
"काकू, गळा थोडा मोठाच ठेवा."